अकराव्या खेळाची वही

गेल्या महिन्यात बोईसर स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्याने मला एक बातमी सांगितली. नवीन व्हिडिओ गेम येतोय, त्याला काडेपेटीएवढं एक कार्ड लावायचं, आणि खेळ जिथे थांबवला तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करायचा. मधे मशीन बंद केलं तरी चालतं.

"सब याद रखता है," तो म्हणाला.

"कार्ड दाखवा."

"अभी आया नहीं है. आएगा."

माझा विश्वास बसला नाही. याच माणसाकडून दादाने दोन वर्षांपूर्वी आमचं जुनं मशीन आणि 'एकशे दहा खेळ' असं छापलेली पिवळी कॅसेट घेतली होती. मी ती घरी लावून एकेक नंबर तपासला. बारावा खेळ म्हणजे पहिलाच खेळ, फक्त आकाश हिरवं. तेविसावाही पहिलाच, आकाश काळं. असे मोजून अकरा खेळ निघाले. मी बोईसरला परत जाऊन तसं सांगितलं तेव्हा तो जराही खजील झाला नाही. "नंबर तो एक सौ दस है ना? गिन लो," म्हणाला.

तर अशा माणसाच्या बातमीवर किती भरवसा ठेवायचा? तरीही ती बातमी ऐकून मी थोडा वेळ त्याच्या दुकानासमोर उभाच राहिलो. असं कार्ड तेव्हा आमच्याकडे असतं तर एक गोष्ट घडली नसती. घडली नसती तर बरं झालं असतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहून बघतो आहे.

आमचं घर घिवलीला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाबांची बोट आहे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो दहावीनंतर बाबांबरोबर बोटीवर जायचा. मी बारावी पास झालो आणि पालघरच्या कॉलेजात सायन्सला नाव घातलं, त्याच वर्षी तो बोट सोडून बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत लागला. कॉलेजचा खर्च बोटीवर भागणार नव्हता. हे मला कुणी तोंडाने सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. दादाची बोटं तेव्हापासून गुलाबी झाली. कितीही धुतली तरी नखांच्या कडेला रंग राहायचाच.

मशीन त्यानेच आणलं. एका दुपारी खांद्यावरून पिशवी काढली, टीव्हीच्या मागे वायर खोचली, बटण दाबलं आणि म्हणाला, "आता अभ्यास झाला की बस. आधी नाय."

टीव्ही समुद्राकडच्या खिडकीला लागून होता, कारण अँटेनाची वायर तिथूनच आत येत होती. त्याच खिडकीत एक झिरोचा लाल बल्ब आहे. बोट दर्यात गेली की आय तो लावते आणि बोट किनाऱ्याला लागली की विझवते. आधी तिथे कंदील असायचा म्हणे. मी लहानपणापासून हे बघत आलो आहे, म्हणजे आता बघतही नाही. व्हिडिओ गेमच्या डब्यालाही बटणाशेजारी एक बारीक लाल दिवा होता.

मी ठरवलं होतं की अकराही खेळ क्रमाने, एकही न सोडता पुरे करायचे. एक पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्याआधी नव्या कॅसेटची बातमीसुद्धा ऐकायची नाही. कॉलेजात सगळे कुठल्या नव्या खेळात काय आहे ते बोलायचे. मी गप्प राहायचो, कारण माझे जुनेच उरले होते. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत दहा झाले. अकरावा मात्र अडला.

तो खेळ असा. पाठीवर शिडी घेतलेला एक ठेंगणा माणूस मनोऱ्यात चढत जातो. पन्नास माळे. वरून दगड पडतात, वटवाघळं येतात, आणि प्रत्येक माळ्यावर शिडी कुठे टेकवायची ते शोधावं लागतं. कितीही घाई केली तरी पन्नास माळे एका बैठकीत होत नाहीत, आणि मशीन बंद केलं की तो परत पहिल्या माळ्यावर. त्यामुळे मी टीव्ही बंद करून मशीन तसंच चालू ठेवायचो. माणूस शिडी धरून थांबलेला, बारीक लाल दिवा पेटलेला. मी शटल गाडीने पालघरला जाऊन यायचो तोपर्यंत त्याने थांबायचं.

पन्नासाव्या माळ्यावर काय आहे याबद्दल दोन बातम्या होत्या. एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत खेळांवर सदर यायचं, त्यात लिहिलं होतं की वर राजवाडा आहे आणि आतिषबाजी होते. कॅसेटवाला म्हणायचा, पन्नासावा माळा नाहीच, एकोणपन्नासानंतर परत पहिला येतो. सदर लिहिणाऱ्याने त्या माणसाला तीन जीव असतात असं म्हटलं होतं. आमच्या कॅसेटमध्ये पाच होते. म्हणजे त्याने हा खेळ खेळलाच नसावा. आणि कॅसेटवाला काय आहे ते आम्हाला माहीतच होतं. तेव्हा मला स्वतःच वर जाऊन बघायचं होतं.

मग मशीन बंद सापडू लागलं.

पहिल्यांदा मला वाटलं वीज गेली असेल. आमच्याकडे ती जातेच. पण वीज जाऊन आली तर खेळ पहिल्यापासून सुरू होतो, दिवा पेटलेलाच राहतो. इथे बटणच वर केलेलं होतं. कुणीतरी हाताने बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आठवडाभर काही नाही, मी बत्तिसाव्या माळ्यापर्यंत पोचलो, आणि पुन्हा बंद.

मी आयला विचारलं, "मशीनला कोण हात लावतं?"

ती पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. "मला काय समजतं त्या मशीनीतलं," म्हणाली आणि गेली.

बाबा टीव्हीकडे फक्त बातम्यांना बघतात. राहिला दादा.

एकदा त्याच्यावर संशय आला आणि मग सगळं त्याच्याच दिशेने दिसू लागलं. काही दिवसांपूर्वी मी मागच्या दारी असताना तो आयला म्हणाला होता, "शिकतोय कुठं, डबा खेळतोय." तो हसत म्हणाला होता की गंभीरपणे, ते मला भिंतीपलीकडून कळलं नव्हतं. आता मला ते गंभीर वाटू लागलं. त्याने बोट सोडली, रंगात हात घातले, आणि मी टीव्हीसमोर बसलेला दिसतो. त्याला ते खुपत असणार. कदाचित माझं कॉलेजही खुपत असेल आणि तो नेमकं तेच बोलत नसेल.

कॉलेजात आम्हाला प्रॅक्टिकलची वही लिहायला शिकवलं होतं. एका बाजूला निरीक्षण, दुसऱ्या बाजूला अनुमान. मी एक जुनी वही घेतली आणि तशाच उभ्या रेघा मारल्या. तारीख, किती वाजता चालू सोडलं, किती वाजता बंद दिसलं, आणि दादाची पाळी. त्याची एक आठवडा पहिली पाळी असायची, एक आठवडा दुसरी. पहिलीला तो पहाटे निघून दुपारी यायचा. दुसरीला दुपारपर्यंत घरात.

दोन महिन्यांची पानं भरली. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मशीन बंद व्हायचं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात होत नव्हतं, तेव्हा वीज जायची नाहीतर पाचही जीव संपायचे. एखाद-दुसरा दिवस मागेपुढे, पण त्याला आमचे सर प्रयोगातली चूक म्हणतात. मशीनच्या बटणाजवळ मला एक पुसट गुलाबी डागही सापडला. मी तो वहीत लिहिला. माशाचा वास आहे का तेही हुंगून बघितलं होतं, पण आमच्या घरात कशाला तो वास नाही.

इतका पुरावा असताना मी महिनाभर गप्प राहिलो. घाबरत होतो असं नाही. मला वाटतं, मला तो पुरावा आवडू लागला होता.

एका सकाळी कॉलेजला सुट्टी होती. दादाची दुसरी पाळी. मी उठलो तर मशीन बंद. आदल्या दिवशी सत्ताविसावा माळा झाला होता. दादा ओट्यावर चहा पीत होता. मी वही नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"वाच."

तो सावकाश वाचतो. बोट ठेवून एकेक ओळ. मधेच म्हणाला, "माझी पाळी कशाला लिवलीस यात?"

"तू घरात असतोस तेवाच बंद होतं म्हणून."

त्याने कप खाली ठेवला. "मी कशाला बंद करू? मीच आणलाय ना?"

"आणलास तू. पण आता तुला बघवत नाय. मी खेळतो ते बघवत नाय, मी शिकतो तेपण बघवत नाय."

हे वाक्य मी वहीत लिहिलेलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही. आय आत सुपात जवळा निवडत होती, तिचा हात थांबल्याचं मला कळलं, कारण सुपाचा आवाज थांबला.

दादाने वही परत उघडली. पहिल्या पानापासून तारखांवर अंगठा फिरवला, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

"तारखा लिवल्यास," तो म्हणाला. "तिथी नाय लिवल्यास."

मला वाटलं, टोमणा मारतोय. कॉलेजात गेला, तिथी विसरला, असा. तो दुपारी डबा न घेताच कंपनीत गेला आणि रात्री घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तेव्हा खिडकीतला बल्ब विझलेला होता. बोट आली होती. पण मशीनचा बारीक दिवा चालू. टीव्ही लावला तर शिडीवाला मी ठेवला तिथे, अकराव्या माळ्यावर. मी लगेच बसलो. त्या संध्याकाळी चोवीस झाले. दादा त्या रात्रीही आला नाही. बोईसरला कंपनीतल्या कुणाच्या खोलीवर राहतोय असा निरोप बसच्या कंडक्टरकडून आला. तिसऱ्या दिवशीही मशीन चालूच. छत्तीस. चौथ्या दिवशी अठ्ठेचाळीस.

मला आनंद झाला, हे लिहायला संकोच वाटतो. पण झाला. खेळ पुढे जातोय याचा होताच, त्याहून जास्त वही खरी ठरल्याचा. दुसरी पाळी, सगळं तेच, फक्त दादा घरात नाही, आणि मशीन बंद होत नाही. याहून चांगला प्रयोग कुठला.

आय मागच्या दारी वलांडीच्या आडव्या बांबूंवर बोंबील वाळत टांगत होती. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि बांबूवर टाकायचे. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "बघितलंस? दादा नाय तर मशीन चार दिवस चालू हाय."

"माहीत हाय. मीच ठेवलाय."

"काय ठेवलायस?"

"दिवा." तिने पुढची जोडी बांबूवर टाकली. "बोट आली म्हणून मोठा विझवला. तो बारीक त्याच्यासाठी ठेवला. पोरगा घरी आला नाय, दिवा कसा विझवू?"

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे आधी तू विझवायचीस? मशीनचा?"

"मग. बोट लागली की खिडकीत दिवा ठेवायचा नसतो. ठेवला की घरातलं परत कोण तरी बाहेर जातं. मोठा विझवायचा आणि बाजूला बारीक जळत ठेवायचा, असं कसं चालेल?"

"मी तुला विचारलेलं. मशीनला कोण हात लावतं म्हणून."

"मशीनला मी कुठं हात लावते? दिवा विझवते."

"मग मी समोर खेळत असताना का नाय विझवत?"

"तू बसलेला असतोस ना त्याच्याजवळ. मग तो तुझा दिवा. तू उठलास की खिडकीचा."

मग तिने पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "आता आणतोस त्याला, की मी जाऊ बोईसरला?"

मी घरात येऊन वही काढली आणि भिंतीवरचं कॅलेंडर. एकेक तारीख घेतली आणि तिच्याखालची तिथी बघितली. बारस, तेरस, पौर्णिमा, प्रतिपदा. मग मधे रिकामे दिवस, सप्तमी ते एकादशी. मग परत तेरस, चौदस, अमावस्या.

आमच्या बाबांची जाळी पाण्याच्या ओढीवर भरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं, पाण्याला जोर असतो, तेव्हा बोट जाते. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, ओढ राहत नाही, बोट किनाऱ्याला असते आणि बाबा जाळी शिवत बसतात. बोट गेलीच नाही तर बल्ब लागत नाही, आणि आय खिडकीकडे फिरकत नाही. उधाण-भांग साधारण आठवड्या-आठवड्याने बदलतात. दादाची पाळीही. दोन महिने ते एकमेकांच्या बरोबरीने चालले होते, आणि मी फक्त पाळी लिहिली. मच्छीमाराच्या घरात वाढून दोन महिन्यांच्या निरीक्षणात मी पाणी बघितलंच नव्हतं. दादाला बोट सोडून दोन वर्षं झाली होती, पण त्याने ते ओट्यावर बसल्या बसल्या पेरांवर मोजलं होतं.

आणि तो गुलाबी डाग. मशीन आणलं त्या दुपारी बटण त्यानेच दाबून दाखवलं होतं.

मी बसने बोईसरला गेलो. कंपनीच्या गेटसमोर एका टपरीपाशी तो दुसऱ्या पाळीच्या आधीचा चहा घेत उभा होता. बरोबरचा एक कामगार मला बघून म्हणाला, "तेरा कॉलेजवाला आ गया." दादाने मान हलवली, हसला नाही. दुसऱ्या चहाची खूण केली.

"आयने सांगितलं," मी म्हणालो.

"काय?"

"दिवा."

"हं."

"तुला कळलं होतं ना? त्याच दिवशी?"

"तारखा बघितल्या तेवाच. आयशिवाय कोण उधाण धरून वागतं घरात."

"मग बोलला का नायस?"

"तू विचारलास कुठं?" तो म्हणाला. "तू सांगत होतास."

चहा आला. मी तो धरून उभा राहिलो. मला माफी मागायची होती, पण आमच्याकडे भावाची माफी कशी मागतात ते मी कधी ऐकलेलं नाही. शेवटी मी म्हणालो, "ते शिकण्याबद्दल बोललो ते..."

"ते मी रंगाच्या टाकीत टाकलं." त्याने गुलाबी बोटं पुढे केली. "बघ, निघत नाय. पण ते वेगळं." मग थोड्या वेळाने, "एक खरं हाय. मला एकदोनदा वाटलेलं. सकाळी पाच वाजता बसची वाट बघताना वाटतं. दुपारी विसरतो. आता ते तुझ्या वहीत लिवू नको."

लिहिणार नाही, असं मी म्हणालो. इथे लिहितो आहे, पण त्याला विचारून.

"कितव्या माळ्यावर हायस?" त्याने विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"मग संपव की. दोनच राहिले. मी आलो की आय विझवणार. परवा येतो."

हे तो खरंच म्हणत होता. माझा खेळ पुरा व्हावा म्हणून तो आणखी दोन दिवस परक्या खोलीत झोपणार होता. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो, थट्टा किंवा राग, आणि मला ते सापडत नव्हतं. इतके दिवस मी त्याच्याकडे संशयाने बघत होतो, की साधं बघायचं कसं ते त्या टपरीपाशी नव्याने शिकावं लागत होतं.

"आज चल," मी म्हणालो.

"पाळी हाय."

"पाळीनंतर चल. मी थांबतो."

"वेडा हायस काय. आय दोघांसाठी दिवे लावत बसेल. जा तू. मी येतो सकाळी."

आणि तो सकाळी आला. मी टीव्हीसमोर बसलेलो नव्हतो. रात्रीत दोन माळे करता आले असते. खेळाचा रिमोट हातात घेतलाही होता, पण तो परत ठेवला. का ते मला नीट सांगता येणार नाही. दादा दारात आला तेव्हा आय जाळीवर वाकलेल्या बाबांना भाकरी वाढत होती. ती उठली. हात पदराला पुसला, खिडकीकडे गेली आणि बटण वर केलं. टक् असा आवाज झाला. मग म्हणाली, "पाय धू. बोंबलाचं कालवण हाय."

बाबांनी वर न बघता विचारलं, "कितवा माळा होता?"

"अठ्ठेचाळीस."

"हातातलं गेलं म्हणायचं." त्यांनी सुईत दोरा ओवला. "असं आमचं रोज होतं."

त्यानंतर दोन दिवसांनी भांग लागला. दादाची पाळी बदलली होती, दुपारी तीनला तो घरी आला, हातपाय धुतले आणि माझी वही मागितली. मी दिली. त्याने 'दादाची पाळी' या खान्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'तिथी'. अक्षर मोठं, रेघेबाहेर जाणारं. पहिल्या ओळीत लिहिलं, सप्तमी.

"पाच दिवस आय खिडकीकडं येणार नाय," तो म्हणाला आणि माझ्या शेजारी बसला. "सुरू कर. दगडांचे माळे तू घे, वटवाघळं मी बघतो."

आम्ही पहिल्या माळ्यापासून सुरुवात केली. तो वाईट खेळतो. दशमीला एकेचाळिसाव्या माळ्यावर असताना वीज गेली.